स्टीलच्या मिलिंगसाठी कोटेड कार्बाइड इन्सर्ट कसा निवडावा: मटेरियलपासून झिजलेल्या धारेपर्यंत

टूलच्या दुकानात स्टीलसाठी इन्सर्ट (कटरमध्ये स्क्रूने बसवायचा, बदलता येणारा कार्बाइडचा तुकडा) मागितला की पहिला प्रश्न बहुधा रंगाचा येतो. सोनेरी देऊ की काळा? खरं तर कोटिंग हा निवडीतला जवळजवळ शेवटचा टप्पा आहे. आधी जॉबचं मटेरियल, मग मशीन आणि पकड, मग कटर, मग धारेची घडण, आणि त्यानंतर ग्रेड (कार्बाइडची जात) व कोटिंग. हा क्रम उलटा केला की महागडा इन्सर्टही दोन जॉबमध्ये तुटतो आणि दोष कोटिंगवर जातो. शिवाय रंगावरून ग्रेड कळत नाही. सोनेरी रंग म्हणजे बहुतेक वेळा सर्वांत वरचा टायटॅनियम नायट्राइडचा पातळ थर, आणि त्याचं एक मोठं काम म्हणजे कोणती धार वापरली गेली आहे हे डोळ्यांना दिसावं. त्याच्या खाली काय आहे ते डबीवरच्या ग्रेडच्या अंकावरूनच समजतं.

इथे पुढे एक उदाहरण धरून चाललं आहे. बीटी ४० टेपरचं व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन), मोटर ७.५ किलोवॅट, ६३ मि.मी. व्यासाचा चार दातांचा ९० अंशी कटर, त्यात एपीएमटी १६०४ इन्सर्ट, आणि हार्डन-टेम्पर केलेला ईएन १९ (एक मिश्र स्टील) चा ब्लॉक. भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीतल्या जॉबशॉपमध्ये हे चित्र रोज दिसतं.

मटेरियल: नाव पुरत नाही, कडकपणा हवा

आयएसओच्या वर्गवारीत स्टील म्हणजे पी गट, डबीवर निळा रंग. स्टेनलेससाठी एम आणि पिवळा, कास्ट आयर्नसाठी के आणि लाल, कडक केलेल्या स्टीलसाठी एच आणि करडा. पण पी गट फार मोठा आहे. एमएस (साधं मऊ स्टील) प्लेट आणि पी २० डायब्लॉक (पी २० हे इथे डाय-मोल्डच्या स्टीलचं नाव, इन्सर्टचा ग्रेड नाही) दोन्ही त्यातच येतात, आणि दोघांना एकच इन्सर्ट चालतो असं मुळीच नाही.

एमएस मऊ आणि चिकट. त्याला धारेवर चिकटायची सवय, म्हणून धार तीक्ष्ण हवी आणि स्पीड थोडा वरचा. नॉर्मलाइज केलेला ईएन ८ साधारण १५० ते २१० ब्रिनेलचा (कडकपणाचं माप) असतो. मिलिंगला सर्वांत समजूतदार स्टील हेच. ईएन १९ आणि ईएन २४ टी कंडिशनमध्ये (हार्डन-टेम्पर केलेले) २५० ते ३०० ब्रिनेलच्या आसपास येतात. पी २० सहसा २८ ते ३४ एचआरसीला (रॉकवेल सी, कडकपणाचं दुसरं माप) प्री-हार्डन होऊनच मिळतं. डी २, ज्याला आपल्याकडे एचसीएचसीआर म्हणतात, ॲनील केलेलं (तापवून मऊ केलेलं) असताना २५५ ब्रिनेलच्या आतच असतं, पण त्यात सुमारे १२ टक्के क्रोमियम असल्यामुळे कडक कार्बाइडचे कण भरपूर असतात. ते सँडपेपरसारखे धार घासतात. म्हणून कडकपणाचा आकडा कमी दिसला तरी डी २ ला ईएन ८ चा स्पीड देऊ नये.

मटेरियल बाहेरून आलं असेल तर चलनावरच्या नावावर थांबू नका. पोल्डी हॅमरने किंवा पोर्टेबल टेस्टरने दोन-तीन ठिकाणी कडकपणा मोजा. पाच मिनिटांचं काम आहे. ईएन १९ समजून लावलेला ब्लॉक ३८ एचआरसीचा निघाला की पुढची सगळी गणितं चुकतात.

पृष्ठभागही पाहायचा. गॅस कटिंगची कड हवेत झपाट्याने थंड झालेली असते आणि ईएन ८ सारख्या मध्यम कार्बनच्या स्टीलमध्ये ती आतल्या मटेरियलपेक्षा बरीच कडक होते. फोर्जिंगवर स्केल असते. अशा पृष्ठभागावर ०.५ मि.मी.चा कट घेणं म्हणजे धार त्या कडक सालीतच घासत ठेवणं. पहिला कट सालीच्या खाली जाईल असा, दीड-दोन मि.मी. खोल घ्या.

मशीन आणि पकड

इन्सर्ट किती कडक ग्रेडचा चालेल हे ठरवतो सेटअप. ग्रेडपुढचा अंक, म्हणजे पी १० पासून पी ५० पर्यंत, चढत जातो तसा इन्सर्ट अधिक चिवट होतो आणि झीज सहन करायची ताकद कमी होत जाते. पी १० कडक आणि ठिसूळ, पी ४० चिवट. मिलिंगमध्ये प्रत्येक दात प्रत्येक फेरीत मटेरियलवर आदळतो, त्यामुळे टर्निंगला चालणारा पी १० किंवा पी १५ इथे बहुतेक वेळा धार सोडतो. रोजच्या कामाला पी २५ ते पी ३५ या पट्ट्यातून सुरुवात करावी.

त्यातून खाली जायचं की वर, हे सेटअप पाहून ठरवा. भक्कम मशीन, छोटा आर्बर (कटर धरणारा दांडा), व्हाइसमध्ये खोलवर पकडलेला ब्लॉक, सलग पृष्ठभाग असेल तर कडक बाजूकडे सरका. जॉबमध्ये भोकं किंवा खाचा, पातळ भिंती, क्लॅम्पवरची प्लेट, लांब एक्स्टेन्शन, जुनं मशीन, यांपैकी काहीही असेल तर चिवट बाजूकडे. शंका असेल तर चिवट घ्या. चिवट इन्सर्ट हळूहळू झिजून सांगतो, कडक इन्सर्ट एकदम तुटतो आणि कधी कटरची सीटही (इन्सर्ट बसतो ती जागा) घेऊन जातो.

कटर आणि त्याचा कोन

कटरचा व्यास कटच्या रुंदीपेक्षा २० ते ५० टक्के मोठा असावा. ४५ मि.मी. रुंदीला ६३ चा कटर बरोबर बसतो. कटर बरोबर मधोमध चालवू नये. थोडा बाजूला सरकवला की बल सारखं दोन्ही दिशांना हेलकावत नाही आणि चॅटर (कापतानाची थरथर) कमी होतो.

९० अंशी कटर खांदा काढायला लागतोच, पण नुसता फेस मारायचा असेल तर ४५ अंशी कटर जास्त बरा. त्याच फीडला (टेबल सरकण्याच्या वेगाला) चिपची (कापून निघणाऱ्या तुकड्याची) जाडी सुमारे ७० टक्केच राहते, म्हणून फीड १.४ पट करता येतं. बाहेर पडताना जॉबची कडही कमी तुटते. मात्र ४५ अंशात खाली दाबणारं बल वाढतं, त्यामुळे खाली आधार नसलेली पातळ प्लेट वाकते. तिथे ९० अंशच हवा. गोल इन्सर्ट, आरपीएमटी वगैरे, डाय-मोल्डच्या रफिंगला आणि स्केलवाल्या पृष्ठभागाला सर्वांत दणकट. १२ मि.मी.च्या गोल इन्सर्टने १ मि.मी. खोली घेतली तर चिप इतकी पातळ होते की फीड जवळजवळ १.८ पट द्यावं लागतं. हे न केल्यामुळेच गोल इन्सर्ट घासून मरतात.

दातांची संख्या हाही निवडीचा भाग आहे. बीटी ४० ला आणि लांब आर्बरला कमी दातांचा कटर. जास्त दात म्हणजे जास्त उत्पादन हे भक्कम, ताकदवान मशीनवरच खरं ठरतं.

डबीवरची अक्षरं वाचा

एपीएमटी १६०४ पीडीईआर हे घ्या. ए म्हणजे ८५ अंशांचा समांतरभुज आकार. पी म्हणजे ११ अंशांचा क्लिअरन्स (धारेखाली सोडलेली तिरकी मोकळीक). एम ही मापातली सूट (टॉलरन्स). टी म्हणजे स्क्रूचं भोक आणि एका बाजूला चिपब्रेकर. १६ ही धारेची लांबी मि.मी.मध्ये, ०४ म्हणजे ४.७६ मि.मी. जाडी. पुढचा पी म्हणजे ९० अंशी कटरसाठी, डी म्हणजे तळाला फिनिश देणाऱ्या सपाट पट्टीला १५ अंशांचा क्लिअरन्स. ई म्हणजे गोलावलेली धार आणि आर म्हणजे उजव्या हाताचा. धारेच्या अक्षरात एफ आलं तर तीक्ष्ण, टी आलं तर चॅम्फर, एस आलं तर चॅम्फर करून गोलावलेली.

तिसरं अक्षर दुर्लक्षित राहतं आणि तिथेच फिनिशची गोम असते. एम सूटमध्ये इन्सर्टच्या मुख्य मापाला आकारानुसार ±०.०५ ते ±०.१५ आणि जाडीला ±०.१३ मि.मी. इतकी मुभा आहे. के, म्हणजे एपीकेटी, यात कोपऱ्याचं माप ±०.०१३ आणि जाडी ±०.०२५ इतकी नेमकी. चांगले उत्पादक एम मध्येही सूट आत ठेवतात, पण तशी हमी अक्षर देत नाही. रफिंगला एम पुरतो. एकाच पासमध्ये फिनिश हवं असेल आणि एक दात वर उभा राहून ओरखडे काढत असेल, तर ग्रेड बदलण्याआधी इन्सर्टची सूट तपासा.

एक सावधगिरी: अक्षरं जुळली म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या बॉडीत इन्सर्ट नीट बसेलच असं नाही. आणि कोड एक्स अक्षराने सुरू होत असेल तर तो त्या उत्पादकाचा खास आकार, तो त्याच्याच बॉडीत घालायचा.

दोन्ही बाजूंनी वापरता येणारे इन्सर्टही मिळतात. एसएनएमयूला आठ धारा, एलएनएमयूला सहसा चार. प्रति धार खर्च घसरतो हे खरं. पण यांचा इन्सर्ट बॉडीत उलट्या कलाने बसतो, म्हणून कापायला जोर जास्त लागतो. हलक्या मशीनवर एपीएमटीच्या दोन धारा आठ धारांपेक्षा स्वस्त पडू शकतात.

धारेची घडण

बहुतेक उत्पादक तीन जाती देतात: हलकी, मध्यम आणि जड. फरक वरच्या उताराचा आणि धारेवरच्या बारीक पट्टीचा. हलक्या घडणीत उतार मोठा, पट्टी नाममात्र, धार तीक्ष्ण. ती एमएस, कमी ताकदीचं मशीन, लांब आर्बर आणि पातळ जॉब यांसाठी. जड घडणीत पट्टी रुंद, धार बोथटसर पण दणकट. ती फोर्जिंग, गॅस कट कडा, खाचा असलेल्या जॉबसाठी. ईएन ८ आणि ईएन १९ च्या सलग कामाला मध्यम.

घडण आणि फीड यांचं नातं तोडू नका. धार ०.०५ मि.मी. गोलावलेली असेल आणि चिप त्याहून पातळ निघत असेल, तर धार कापत नाही, मटेरियल दाबून घासते. आवाज किंचाळल्यासारखा येतो, जॉब तापतो, आणि जपून चालवलेला इन्सर्टच लवकर झिजतो. चिपची जाडी हलक्या घडणीत किमान ०.०५ ते ०.०८, मध्यमात ०.१ ते ०.१५, जडात ०.२ मि.मी.च्या आसपास राहील इतकं फीड हवंच.

कोपऱ्याचा रेडियस ०.८ मि.मी. हा सर्वसाधारण. ०.४ फक्त ड्रॉइंग मागत असेल तेव्हा, कारण कोपरा कमजोर होतो. जागा असेल तर रफिंगला १.२ किंवा १.६ घ्या.

ग्रेड आणि कोटिंग

आता रंगाकडे येऊ. कोटिंग बसवण्याच्या दोन पद्धती आहेत आणि मिलिंगमध्ये हा फरक खरोखर जाणवतो.

सीव्हीडी (केमिकल व्हेपर डिपॉझिशन) पद्धतीत साधारण ७०० ते १०५० अंश सेल्सिअसला वायूंमधून थर वाढवतात. टायटॅनियम कार्बोनायट्राइड, त्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइड, वर कधी सोनेरी नायट्राइड. थर जाड असतो. ॲल्युमिनियम ऑक्साइड उष्णता आणि रासायनिक झीज अडवतो, त्यामुळे वरच्या स्पीडला सीव्हीडी टिकतो. तोटा असा की इतक्या तापमानावरून थंड होताना कार्बाइड आणि थर वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावतात, थरात ताण राहतो आणि सूक्ष्म भेगा पडतात. आदळआपट आणि गरम-थंडाचा मारा झाला की त्या भेगा पसरतात. ब्लास्टिंग करून उत्पादक हा ताण बराच कमी करतात. शिवाय जाड थरासाठी धार गोलावावी लागते.

पीव्हीडी (फिजिकल व्हेपर डिपॉझिशन) पद्धतीत साधारण ४०० ते ६०० अंशांना थर बसतो. टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइड, ॲल्युमिनियम क्रोमियम नायट्राइड या त्यातल्या नेहमीच्या जाती, जाडी साधारण २ ते ५ मायक्रॉन. इथे थरात ताणाऐवजी दाब राहतो, तो भेगा मिटवायला मदत करतो. धार तीक्ष्ण ठेवता येते. ॲल्युमिनियम असलेला थर तापला की त्याच्यावर स्वतःहून ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, म्हणून कोरड्या मिलिंगमध्ये तो चांगला वागतो.

जॉबशॉपला, जिथे सकाळी एमएस, दुपारी ईएन १९ आणि संध्याकाळी पी २० येतं, तिथे पहिली डबी पीव्हीडी पी ३० घडण मध्यम अशी असावी. मित्सुबिशीची व्हीपी१५टीएफ किंवा सँडविकची जीसी११३० ही अशा पीव्हीडी ग्रेडची उदाहरणं. एकच जॉब शेकड्यांनी, भक्कम फिक्स्चर, मोठा कटर, कोरडं काम आणि स्पीड २०० मीटर प्रति मिनिटाच्या वर असेल तर सीव्हीडी, जसं जीसी४३३०, आजमावण्यासारखा. खाचा, लहान व्यास, कूलंट बंद करता येत नाही, लांब आर्बर, यांपैकी काही असेल तर पीव्हीडीवरच राहा. ४५ एचआरसीच्या पुढे गेलात की तो पी गट राहत नाही. बारीक कणांचा कार्बाइड आणि कडक कामासाठीचा पीव्हीडी थर असलेला एच गटाचा इन्सर्टच घ्या.

कोटिंगखालचा कार्बाइडही तितकाच महत्त्वाचा. कोबाल्ट वाढला की चिवटपणा वाढतो आणि गरम असतानाचा कडकपणा घटतो. दोन कंपन्यांचा थर नावाने एकच असला तरी खालचं शरीर वेगळं असतं. स्वस्त इन्सर्ट आणि चांगला इन्सर्ट यांत मोठा फरक बहुधा तिथेच निघतो.

स्पीड आणि फीड, आकड्यांसह

कोरडं काम, पीव्हीडी पी ३०, मध्यम घडण धरून सुरुवातीचे कटिंग स्पीड असे ठेवा, मीटर प्रति मिनिट: एमएस १८० ते २४०, ईएन ८ १६० ते २२०, ईएन १९, ईएन २४ आणि पी २० साठी १३० ते १८०, एच १३ (हॉट-वर्क डायचं स्टील) ॲनील १२० ते १६०, डी २ ॲनील १०० ते १४०. डबीवर छापलेला पट्टा वेगळा असेल तर तो पाळा, आणि सुरुवात त्याच्या मधल्या आकड्यापासून करा.

आपलं उदाहरण. ईएन १९ ला स्पीड १६० धरू.

आरपीएम = १००० × १६० ÷ (३.१४ × ६३) = सुमारे ८०८.

प्रति दात फीड ०.१५ मि.मी., चार दात. टेबल फीड = ०.१५ × ४ × ८०८ = ४८५ मि.मी. प्रति मिनिट.

कटची रुंदी ४५, खोली ३ मि.मी. या स्टीलला कापण्याचा विशिष्ट जोर साधारण २२०० न्यूटन प्रति चौ. मि.मी. धरला तर पॉवर = ४५ × ३ × ४८५ × २२०० ÷ ६,००,००,००० = २.४ किलोवॅट. स्पिंडलपर्यंत ८० टक्के पोचतं म्हटलं तर मोटरकडून ३ किलोवॅट हवेत.

मोटर ७.५ ची आहे, म्हणजे भरपूर शिल्लक आहे, असं वाटेल. पण ही पूर्ण पॉवर बेस स्पीडला (ज्या आरपीएमपासून मोटर पूर्ण ताकद देते त्याला) मिळते. तो १५०० आरपीएम असेल तर ८०८ ला मिळतात फक्त ४ किलोवॅट. फीड ०.२ केलं की हिशोब बरोबर ४ वर जातो आणि लोड मीटर लाल पट्ट्यात शिरतो. मोठा कटर आणि कमी आरपीएम यात बीटी ४० मशीन का गुदमरतं, त्याचं कारण हे. अशा वेळी ५० चा कटर घेऊन दोन पास मारणं अनेकदा जलद पडतं.

कडेने पातळ कट घेताना फीड वाढवायला विसरू नका. कटची रुंदी व्यासाच्या १० टक्के असेल तर तीच चिपची जाडी मिळवायला फीड १.६७ पट लागतं, ५ टक्क्यांना २.३ पट. ०.१ ची चिप हवी तर १० टक्के रुंदीला प्रति दात ०.१७ द्या.

तळाच्या फिनिशला वेगळी मर्यादा आहे. इन्सर्टच्या तळाशी जी सपाट पट्टी असते, तिच्या रुंदीच्या दोन तृतीयांशापर्यंतच एका फेरीचं फीड ठेवायचं. पट्टी १.२ मि.मी. असेल तर फेरीला ०.८. आपल्या कटरला ०.१५ × ४ = ०.६, म्हणजे ठीक. तेच फीड सहा दातांच्या कटरला दिलं तर ०.९ होतं आणि जॉबवर रेघा उमटतात.

आयुष्य कमी पडत असेल तर आधी स्पीड उतरवा, फीड नाही. स्पीड २० टक्के वाढवला की धारेचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. फीडचा परिणाम त्याहून कमी आणि खोलीचा सर्वांत कमी. ऑपरेटर घाबरून फीड पोटेन्शिओमीटर ५० टक्क्यांवर आणतो तेव्हा तो इन्सर्टला वाचवत नाही, घासत ठेवतो.

बसवताना

सीट एअरने फुंकून मग कापडाने पुसा. चिपचा एक बारीक कण खाली राहिला तर इन्सर्ट तरंगतो आणि पहिल्याच कटात तडकतो. इन्सर्ट बोटाने दोन्ही भिंतींना दाबून धरत स्क्रू आवळा. एम २.५ स्क्रूला टी ८ की आणि सुमारे १.२ न्यूटन मीटर, एम ३.५ ला टी १५ आणि सुमारे ३. कटर बॉडीवर आकडा कोरलेला असेल तर तोच अंतिम. टॉर्क स्क्रूड्रायव्हर नसेल तर निदान लांब टी हँडल वापरू नका, त्याने स्क्रू ताणला जातो. स्क्रूच्या डोक्याखाली आणि आट्यांवर किंचित कॉपर ग्रीस लावा. स्क्रू ही खपाची वस्तू आहे: टॉर्क्सचं तोंड गोलावलं किंवा दांडा वाकला की लगेच बदला.

आवळल्यावर सीट आणि इन्सर्ट यांच्यात ०.०२ चा फीलर शिरता कामा नये. मग डायल लावून सगळ्या दातांची तळाची उंची पाहा. फिनिशला ०.०२ ते ०.०३ मि.मी.च्या आत. एकच दात वर असेल तर तो इन्सर्ट शेजारच्या सीटमध्ये घाला. दोष इन्सर्टबरोबर सरकला तर इन्सर्ट वाईट, तिथेच राहिला तर सीट.

कूलंट आणि जॉबमध्ये शिरणं

स्टीलच्या मिलिंगमध्ये कूलंट बंद ठेवा, एअर ब्लास्ट चालू. दात कापताना तापतो, बाहेर येताच कूलंट त्याला गार करतं, मिनिटाला आठशे वेळा. त्याने धारेला काटकोनात कंगव्याच्या दातांसारख्या भेगा पडतात आणि दोन भेगांमधला तुकडा निघून जातो. निळसर चिप आणि हाताला कोमट लागणारा जॉब म्हणजे उष्णता चिपबरोबर जाते आहे. ठिणग्या उडून चिप जळकी काळी पडत असेल तर स्पीड जास्त झाला. खोल पॉकेटमध्ये चिप अडकून पुन्हा कापल्या जातात, तिथे हवेचा झोत नीट आत पोचतो की नाही ते पाहा. फिनिशसाठी किंवा पातळ जॉब वाकू नये म्हणून कूलंट लागलंच, तर त्याचा झोत भरपूर आणि अखंड सोडा आणि स्पीड कमी ठेवा. थेंब थेंब कूलंट सर्वांत घातक.

क्लाइंब मिलिंग करा, म्हणजे कापणारा दात जॉब सरकतो त्याच दिशेने फिरेल असं. चिप जाड सुरू होऊन पातळ संपते, बाहेर पडताना धारेला झटका बसत नाही. जुन्या मॅन्युअल मशीनच्या स्क्रूत ढिलाई असेल तर मात्र टेबल ओढलं जातं, तिथे हे टाळा. आणि कटर सरळ रेषेत जॉबमध्ये घुसवू नका. कंसाने फिरवत आत आणा, नाहीतर पूर्ण कट लागेपर्यंत फीड निम्मं ठेवा.

झिजलेली धार वाचायची

निवड बरोबर होती का, हे दहापट भिंगाखाली दिसतं. १० ते १५ मिनिटं कापून थांबा आणि धार पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

धारेखाली सलग, एकसारखा झिजलेला पट्टा दिसला तर निवड जमली. तो ०.३ मि.मी. झाला की धार फिरवा, फिनिशला ०.२ वर. हा पट्टा फारच लवकर वाढत असेल तर स्पीड १५ टक्के कमी, किंवा जास्त कडक ग्रेड. पण त्याआधी फीड पुरेसं आहे ना ते पाहा.

वरच्या पृष्ठभागावर खड्डा पडत असेल तर उष्णता जास्त. स्पीड उतरवा किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर असलेला सीव्हीडी लावा. धार खचून खाली बसलेली दिसली तर कार्बाइड तापून नरम पडला: स्पीड आणि फीड दोन्ही कमी, ग्रेड कडक.

धारेवर छोटे टवके उडत असतील तर पहिला संशय सेटअपवर. आर्बर आखूड करा, पकड तपासा, सीट पाहा. मग घडण दणकट, मग ग्रेड चिवट. कंगव्यासारख्या भेगा म्हणजे कूलंट बंद. चकाकणारा मटेरियलचा गोळा धारेला चिकटला असेल, एमएस मध्ये हे हमखास, तर स्पीड वाढवा आणि तीक्ष्ण घडण घ्या. फक्त कटच्या खोलीच्या रेषेवर खाच पडत असेल तर ती कडक सालीची खूण, खोली पासागणिक थोडी बदलत राहा.

दोन ग्रेडची तुलना करायची असेल तर एकाच कटरमध्ये एकाच घडणीचे दोन ग्रेड आलटून पालटून लावून पाहता येतात. मशीन, जॉब, पकड सगळं सारखं राहतं. मात्र दातांची उंची डायलने सारखी असल्याची खात्री आधी करा.

पैशांचा हिशोब

डबीची किंमत पाहून निवडू नका, जॉबमागचा खर्च काढा. समजा मशीनचा दर तासाला ६०० रुपये, म्हणजे मिनिटाला १०. पहिला इन्सर्ट १८० रुपयांचा, दोन धारा, चार दात: एका सेटचे ३६० रुपये. त्यावर २४ जॉब होतात, जॉबला ९ मिनिटं. इन्सर्टचे १५ आणि मशीनचे ९० मिळून १०५. दुसरा ४५० रुपयांचा, एका सेटचे ९००, त्यावर ३६ जॉब, जॉबला ७ मिनिटं. इन्सर्टचे २५, मशीनचे ७०, मिळून ९५. इन्सर्टमागे अडीचपट पैसे देऊनही जॉब दहा रुपयांनी स्वस्त पडला. उलट, मशीनच ताकद देत नसल्यामुळे महाग इन्सर्टने ९ मिनिटांचे ७ होत नसतील, तर स्वस्त इन्सर्ट योग्य. हे आकडे आपल्या शॉपचे घालून पाहा.

धार फिरवताना सगळे दात एकदम फिरवा. एक नवीन आणि तीन झिजलेले असले की नव्यावरच सगळा भार येतो. वापरलेला कोपरा मार्करने खुणावा, आणि प्रत्येक सेटमागे जॉबचं नाव, स्पीड, फीड, किती नग झाले आणि झीज कशी दिसली हे वहीत लिहा. संपलेले इन्सर्ट वेगळ्या डब्यात, स्टीलच्या चिप आणि ब्रेझ्ड टूलपासून दूर साठवा. निव्वळ कार्बाइडचा भंगार किलोवर चांगल्या भावाने जातो, मिसळलेल्याचा भाव पडतो.